बेणं कुठलं, ते आधी विचारा

  आज मी कर्जफेडीबद्दल बोलणार नाही. पण बोलणार आहे ते कर्जाच्या रजिस्टरवरूनच.

आपल्या भागात आलं लावणारी घरं पुष्कळ. आल्याला कंदकूज लागली की आपण काय करतो? आधी पानं पिवळी पडतात, मग खोड सहज उपटून हातात येतं, आणि खाली कंद सडलेला असतो. एकाच रानात झालं तर आपण म्हणतो, पाणी जास्त झालं. पण वेगवेगळ्या तीन शेतकऱ्यांच्या रानांत एकाच वेळी कूज दिसली, की जाणता माणूस पहिला प्रश्न विचारतो, "बेणं कुणाकडून आणलं होतं?" तिघांचं बेणं एकाच ठिकाणचं निघालं, तर कूज कुठून आली याचा माग लागतो. आणि पाणी कुणाच्या रानातून कुणाच्या रानात उतरतं, तेही बघावं लागतं.

हाच प्रश्न दवाखान्याच्या बाबतीत आपण विचारत नाही. ऑपरेशननंतर टाका चिघळला तर आपण काय म्हणतो? "पथ्य मोडलं असेल. वांगं खाल्लं असेल. लवकर पाण्यात हात घातला असेल." म्हणजे दोष बाईचा. मीही तेच म्हणत होते. म्हणून आज हे सांगायला आले आहे.

आधी थोडी माहिती. माणूस ज्या आजारासाठी दवाखान्यात जातो, त्याच्याशी संबंध नसलेला दुसराच जंतुसंसर्ग तिथे असताना किंवा तिथल्या उपचारातून होतो, त्याला दवाखान्यात झालेला संसर्ग म्हणतात. साधारण नियम असा की भरती झाल्यावर 48 तासांनंतर सुरू झालेला नवा संसर्ग यात धरतात. ऑपरेशनच्या जखमेचा संसर्ग मात्र घरी आल्यावरही दिसू शकतो, म्हणून तिथे निदान 30 दिवस लक्ष ठेवतात. शरीरात सळई किंवा जाळी बसवली असेल तर 90 दिवस. काही जंतू त्याहूनही सावकाश वाढतात.

हे फक्त आपल्याकडे होतं असं नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2022 साली जो अहवाल काढला, त्यात म्हटलं आहे की श्रीमंत देशांत रुग्णालयात भरती झालेल्या दर 100 रुग्णांपैकी 7 जणांना, आणि गरीब व मध्यम देशांत 15 जणांना असा निदान एक तरी संसर्ग होतो. ज्यांना होतो त्यांतला सरासरी दहापैकी एक जण दगावतो. हात वेळच्या वेळी स्वच्छ केले आणि बाकीची काळजी घेतली, तर यातले बरेच संसर्ग टाळता येतात, असंही तोच अहवाल सांगतो.

जंतू जातात कसे? त्यांना पाय नाहीत, पंखही नाहीत. ते हातावरून जातात, डॉक्टरच्या, नर्सच्या, आणि आपल्याही. ते लघवीच्या नळीतून, सलाईनच्या सुईच्या जागेतून आत शिरतात. नीट निर्जंतुक न झालेल्या हत्यारांवरून जातात. मोरीच्या जाळीत, पाण्याच्या टाकीत, पलंगाच्या कठड्यावर ते बसून असतात. वाट कुठली ते कळलं तरच ती बंद करता येते. नुसतं "दवाखाना घाण आहे" म्हणून काही बंद होत नाही.

आता एक जुनी गोष्ट सांगते. ती आपल्या मुंबईशी जोडलेली आहे. 1896 साली मुंबईत प्लेग आला. तो पुढे पुण्याला, आपल्या सातारा जिल्ह्यात, सगळीकडे पसरला. याच साथीत रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांना प्लेगची लागण झाली आणि 10 मार्च 1897 रोजी त्या गेल्या. त्या आपल्याच जिल्ह्यातल्या, नायगावच्या. त्याच वर्षी जानेवारीत वाल्डेमार हाफकिन नावाच्या शास्त्रज्ञाने मुंबईत प्लेगची लस तयार केली आणि सगळ्यांत आधी स्वतःला टोचून घेतली. पुढे परळला त्यांची मोठी प्रयोगशाळा झाली आणि तिथून देशभर लशीच्या बाटल्या जाऊ लागल्या.

30 ऑक्टोबर 1902 रोजी पंजाबातल्या मुल्कोवाल गावात 107 लोकांना ही लस टोचली. काही दिवसांत त्यांतल्या 19 जणांना धनुर्वात झाला आणि ते सगळे मेले. केवढा आकांत झाला असेल! लोकांचा लशीवरचा विश्वास उडाला. चौकशी बसली. ठपका आला परळच्या प्रयोगशाळेवर, की लस बनवतानाच तिथे हलगर्जीपणा झाला. हाफकिन यांना पदावरून दूर केलं.

पण मैत्रिणींनो, यात एक बारीक गोष्ट होती. त्या दिवशी गावात पाच बाटल्या वापरल्या होत्या. मेलेले 19 जण सगळेच्या सगळे एकाच बाटलीतले होते. तिचा नंबर 53 एन. बाकी चार बाटल्यांतली लस ज्यांना टोचली, त्यांच्यातल्या एकालाही धनुर्वात झाला नाही. आणि ती बाटली उघडताना काय घडलं होतं? बूच काढायचा चिमटा मदतनिसाच्या हातून जमिनीवर पडला होता. तो त्याने औषधाच्या पाण्यात नुसता बुचकळला आणि त्यानेच बाटली उघडली. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात, हे आपल्याला ठाऊकच आहे. म्हणून तर लोखंड लागलं, खिळा टोचला, की आपण इंजेक्शन घेतो.

हे सगळं बाहेर यायला, लोकांना पटायला वर्षं गेली. 1907 साली रोनाल्ड रॉस आणि आणखी काही नामवंत शास्त्रज्ञांनी लंडनच्या टाइम्समध्ये पत्र लिहून हाफकिन यांची बाजू मांडली. मग त्यांच्यावरचा डाग पुसला गेला. 1925 साली परळच्या त्या संस्थेला त्यांचंच नाव दिलं, हाफकिन इन्स्टिट्यूट.

यातून मी दोन गोष्टी घेतल्या. एक, माग काढायचा असेल तर नुसती आजारी माणसं मोजून भागत नाही, कोणाला झालं नाही तेही बघावं लागतं. चार बाटल्यांतली माणसं ठणठणीत राहिली, म्हणून तर पाचवीकडे बोट गेलं. आणि दुसरी, घाईने माग काढला तर भलत्याच माणसाच्या माथी दोष बसतो.

आता आपल्या रजिस्टरकडे येते. ज्या बायांची ही हकिगत आहे त्यांना विचारून सांगते आहे. त्यांची नावं, गाव, दवाखाना यांतलं काही सांगणार नाही, आणि कुणी अंदाजही बांधू नका.

वर्षअखेरचा हिशेब लावताना मी अंतर्गत कर्जाची पानं चाळत होते. कर्जाच्या कारणाच्या रकान्यात एका ताईचं "दवाखाना" तीनदा आलं होतं. आधी तीन हजार, मग पाच हजार, मग सात हजार. व्याज शेकडा दोन. मी मनात म्हटलं, हिचं कर्ज वाढतच चाललंय, फेडणार कधी? पान उलटलं तर दुसऱ्या एकीचंही तसंच. मग शेजारच्या गटाचं रजिस्टर मागवलं, तिथे तिसरी निघाली.

पहिल्या ताईचं दुसरं कर्ज मंजूर झालं त्या बैठकीत मी स्वतः तिला सगळ्यांसमोर बोलले होते, "ताई, जरा पथ्य नीट पाळ गं. सारखी जखम चिघळते म्हणजे काय?" ती खाली मान घालून बसली होती. ते मला रजिस्टर बघताना आठवलं आणि लाज वाटली.

मी तिघींच्या घरी गेले. प्रत्येकीला तेच प्रश्न विचारले. ऑपरेशन कशाचं? कधी? कुठे? टाके कधी काढले? त्रास कधी सुरू झाला? एकीचं पित्ताच्या पिशवीतल्या खड्यांचं ऑपरेशन होतं, एकीचं गर्भपिशवीचं, एकीचं कुटुंबनियोजनाचं. आजार तीन वेगवेगळे. पण तिन्ही ऑपरेशनं दुर्बिणीने केलेली, एकाच दवाखान्यात, दीड महिन्याच्या आत. तिघींची जखम आठ-दहा दिवसांत छान भरली होती. मग महिना-सव्वा महिन्याने बेंबीजवळच्या छिद्राशी कडक गाठ आली, ती लाल झाली आणि त्यातून पाण्यासारखा पू येऊ लागला. गोळ्या घेतल्या की कमी व्हायचं, पुन्हा यायचं. तिघींनाही घरात आणि बाहेर एकच ऐकायला मिळालं होतं, तूच काहीतरी केलं असशील.

मग ती पाच बाटल्यांची गोष्ट आठवून मी आणखी विचारलं. त्याच दवाखान्यात त्याच दिवसांत आपल्या गटांतलं दुसरं कोण गेलं होतं? चौघीजणी निघाल्या. दोघींचं सिझेरियन, एकीचं पोट उघडून अपेंडिक्सचं, एकीच्या हाताचं. चौघीही व्यवस्थित. डॉक्टर तेच, नर्स त्याच, वॉर्ड तोच, झाडणारी मावशीही तीच. फरक एकच, यांना दुर्बीण लागली नव्हती.

एका कागदावर चार रकाने आखून हे सगळं लिहिलं आणि तो कागद आमच्या ओळखीच्या सरकारी डॉक्टर मॅडमना दाखवला. त्यांनी समजावून सांगितलं ते असं. कात्री, चिमटे ही साधी हत्यारं दाबाच्या वाफेत निर्जंतुक करतात, आपल्या कुकरसारखं, पण त्याहून कडक. दुर्बिणीला काच असते, नाजूक भाग असतात, म्हणून बऱ्याच ठिकाणी ती जंतुनाशक द्रावणात बुडवून ठेवतात आणि मग पाण्याने धुऊन वापरतात. द्रावण जुनं झालं असेल, बुडवण्याचा वेळ कमी पडला असेल, सांध्यात कण अडकून राहिला असेल, किंवा धुवायचं पाणी साधं नळाचं असेल, तर पाण्यातले जंतू त्याबरोबर पोटाच्या छिद्रात जातात. असे काही जंतू टीबीच्या जंतूच्या भावकीतले असतात. ते पाण्यात आणि मातीत राहतात. सावकाश वाढतात, म्हणून जखम आधी भरते आणि महिन्याने फुटते. नेहमीच्या तपासणीत ते पटकन सापडत नाहीत आणि नेहमीच्या गोळ्यांना दाद देत नाहीत. दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर असं झाल्याच्या नोंदी देशात अनेक ठिकाणच्या आहेत.

इथे एक गोष्ट ठासून सांगते. भावकी टीबीची असली तरी हा खोकल्यातून पसरणारा टीबी नव्हे. एका ताईच्या घरी "टीबी" हा शब्द ऐकून तिचं ताट-वाटी वेगळी केली होती. लेकराला जवळ घेऊ देईनात. तसं करायची काही गरज नसते. घरातल्यांना तिच्यापासून हा आजार होत नाही.

मॅडम म्हणाल्या, "तीन जणींवरून काही सिद्ध होत नाही. पण विचारायला जाण्याएवढं हे नक्की आहे." म्हणून आशाताई, एक ताई आणि मी, आम्ही तिघी त्या दवाखान्यात गेलो. पेपरवाल्याला घेऊन गेलो नाही, आरडाओरडा केला नाही. डॉक्टरसाहेब आधी चिडले. "तुम्ही काय डॉक्टर आहात का?" मी म्हटलं, "नाही साहेब. आम्ही हिशेब लिहिणाऱ्या बाया. एवढं एकसारखं दिसलं, ते तुम्हाला दाखवायला आलोय. मावशींवर किंवा सिस्टरांवर आमचा आरोप नाही. चौघीजणी चांगल्याही आहेत, ते पण यात लिहिलंय." त्यांनी कागद घेतला. बराच वेळ वाचत होते.

आठवड्याने त्यांचा फोन आला. एका ताईचा पू परत तपासायला पाठवला. आधीच्या रिपोर्टात काही जंतू वाढले नाहीत असं आलं होतं. या वेळी लॅबला नेमकं काय शोधायचं ते लिहून दिलं. काही आठवड्यांनी रिपोर्ट आला, तेच पाण्यातले जंतू. मग तिघींची औषधं बदलली. ती महिनोन् महिने घ्यावी लागतात. दोघी बऱ्या झाल्या, तिसरीची औषधं अजून चालू आहेत. दुर्बीण बुडवून ठेवायची पद्धत आपण बंद केली, असं डॉक्टरांनी तोंडी सांगितलं. पुढची मलमपट्टी फुकट केली. लेखी काही दिलं नाही. औषधांचा खर्च आणि बुडालेली रोजंदारी तिघींच्याच अंगावर पडली. गटाने व्याज माफ केलं, आम्हाला तेवढंच करता आलं. आणि मी पुढच्या बैठकीत सगळ्यांसमोरच त्या ताईची माफी मागितली, कारण बोललेही होते सगळ्यांसमोर.

मोठमोठ्या रुग्णालयांतही माग असाच काढतात, फक्त साधनं जास्त असतात. अमेरिकेत सरकारी संशोधन संस्थेच्या रुग्णालयात 2011 साली क्लेबसिएला नावाचा जंतू शिरला. तो जवळजवळ कुठल्याच औषधाला दाद देत नव्हता. तो घेऊन आलेली पहिली रुग्ण जुलैमध्ये घरीही गेली, आणि तीन आठवड्यांनी दुसऱ्याच रुग्णात तो सापडला. एकूण 18 जणांपर्यंत पोचला. त्यांतले 11 जण दगावले, त्यापैकी सहा त्या संसर्गाने. शास्त्रज्ञांनी प्रत्येक रुग्णातल्या जंतूची जनुकं वाचली. पिढी बदलताना जंतूत बारीक फरक पडत जातात, जसं वाड्यातल्या कुळाच्या वंशावळीत नावं वाढत जातात. त्या फरकांवरून कोणाकडून कोणाकडे गेला याचा नकाशा काढला. मोरीच्या पाइपात आणि धुऊन ठेवलेल्या श्वासाच्या यंत्रावरसुद्धा तो निघाला. एवढी मोठी यंत्रणा, पण सुरुवात तारखांच्या यादीपासूनच. कोण कधी आलं, कुठे झोपलं, कधी गेलं.

ती यादी आपणही ठेवू शकतो. म्हणून आता कामाच्या गोष्टी सांगते. कागद-पेन्सिल घ्या.

पहिली गोष्ट, कागद फेकू नका. डिस्चार्ज कार्ड, रिपोर्ट, औषधांच्या पावत्या एका पिशवीत ठेवा. ऑपरेशनची तारीख, प्रकार, टाके काढल्याची तारीख कॅलेंडरवर लिहा. आपल्या केसपेपरची प्रत मागण्याचा आपल्याला हक्क आहे. मागितल्यापासून 72 तासांत ती द्यावी, असा डॉक्टरांसाठीचा नियम आहे.

दुसरी, टाक्यांवर हळद, राख, पावडर, मेडिकलमधून विचारून आणलेलं मलम, काही लावू नका. जखम लाल झाली, गरम लागली, वास आला, पू आला, ताप आला तर त्याच दिवशी दाखवा. आणि भरलेली जखम महिन्याने गाठ होऊन फुटली तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा, "ऑपरेशन दुर्बिणीने झालं होतं, जखम आधी भरली होती." पुवाची तपासणी करून मगच औषध द्या, असं म्हणा. अर्धवट गोळ्या, शेजारणीच्या उरलेल्या गोळ्या घेतल्या तर जंतू पक्के होतात.

तिसरी, भेटायला जाणाऱ्यांसाठी. आपल्याकडे बाळंतिणीला, ऑपरेशनवालीला बघायला टेम्पो भरून माणसं जातात. पलंगावर बसतात, बाळाची पापी घेतात, सलाईनला हात लावून बघतात. नका करू. एक-दोघींनीच जा. आत जाताना आणि बाहेर येताना साबणाने हात धुवा. सर्दी-खोकला, अंगावर गळू असेल तर घरूनच फोन करा. प्रेम कमी होत नाही.

चौथी, विचारायची सवय. "सिस्टर, हात धुतलेत ना?" हे हसून विचारता येतं. "लघवीची नळी अजून लागणार आहे का?" हे रोज विचारा, कारण नळी जितके दिवस जास्त तितका धोका जास्त. ऑपरेशन ठरवताना विचारा, "दुर्बीण कशी निर्जंतुक करता?" चांगल्या डॉक्टरला राग येत नाही.

पाचवी, त्याच दवाखान्यातून आलेल्या दोघी-तिघींना सारखाच त्रास दिसला तर गटाच्या बैठकीत लिहून घ्या. ज्यांना त्रास झाला नाही त्यांनाही लिहा. त्यांची परवानगी घ्या. आधी डॉक्टरांना भेटा. सरकारी दवाखाना असेल तर रुग्ण कल्याण समितीपुढे मांडा. खाजगी असेल आणि ऐकून घेतलं नाही, तर तालुका आरोग्य अधिकारी किंवा जिल्हा शल्यचिकित्सक यांच्याकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. खाजगी रुग्णालयांनी रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावायची असते, 2021 सालापासून आपल्या राज्यात तसा नियम आहे. ती दिसली नाही तर विचारा.

आणि शेवटचं. हे ऐकून कुणी असं म्हणू नका की दवाखान्यातच जायला नको. बाळंतपण दवाखान्यातच करा. अडलेलं ऑपरेशन टाळू नका. बेणं खराब निघालं म्हणून आपण शेती सोडत नाही, पुढच्या वेळी पारखून आणतो.

येत्या बैठकीत प्रत्येक गटाने रजिस्टरमधली "दवाखाना" लिहिलेली कर्जं एकदा बाजूला काढून बघा. कोण, कधी, कुठे, कशासाठी. आणि जी ताई खाली मान घालून बसलेली दिसेल, तिला आधी विचारा, मग बोला.